पंगतीतलं एक पान

मराठीतलं 'हरवणे' हे क्रियापद फार सज्जन आहे. पाकीट हरवलं, छत्री हरवली, पोरगं जत्रेत हरवलं. कोणामुळे हरवलं, कसं हरवलं, कोणाचं लक्ष नव्हतं, काही म्हणून विचारत नाही. आमच्या ऑफिसात बरोब्बर उलटं. एक फुटकळ लॉग फाइल गायब झाली तरी 'रूट कॉज' लिहून द्यावा लागतो, आणि त्या कागदाच्या तळाशी शेवटी कोणाचं तरी नाव येतंच. मराठी म्हणते, होतं, आता नाही, बास. 'सापडणे'चंही तेच. मला किल्ली सापडली म्हणताना मी फार काही दिवे लावले असा दावा नसतो. ती सापडली, मी तिथे होतो, एवढंच.

गेले काही महिने हे दोन शब्द डोक्यात फिरतायत. कारण घरचंच आहे. पण तिथे पोचायच्या आधी लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातून जावं लागेल. (लगेच खिडकी बंद करू नका. प्रवचन द्यायची माझी लायकी नाही, आणि शनिवारी सकाळी ते ऐकायची तुमची इच्छा नसणार हेही कळतं.)

नवीन वाचकांसाठी सांगतो, मी मराठी ख्रिस्ती. औरंगाबादचा, म्हणजे २०२३ पासून छत्रपती संभाजीनगरचा. त्यातही छावणीतला. नोकरी पुण्यात. प्रत्येक नव्या टीममध्ये मला तीन उत्तरं द्यावी लागतात. हो, घरी मराठीच बोलतो. नाही, गोव्याचा नाही. हो, पुरणपोळी आवडते. चौथा प्रश्न विचारायचा धीर सहसा कोणाला होत नाही, पण तो चेहऱ्यावर दिसतो. तर पणजोबांच्या वेळी, जालन्याकडच्या एका खेड्यात. त्यामुळे बायबल माझ्यासाठी परदेशी पुस्तक वगैरे कधीच नव्हतं. ते आजीचं पुस्तक. चष्म्याच्या डबीशेजारी ठेवलेलं, पानापानांत बसची तिकिटं खुणेला घातलेलं.

तर पंधरावा अध्याय. येशू यात एकामागोमाग तीन गोष्टी सांगतो. पहिली मेंढपाळाची. शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवतं. तो नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकामागे जातो, सापडल्यावर खांद्यावर घालून घरी आणतो. दुसरी एका बाईची. तिच्याकडे दहा नाणी, त्यातलं एक हरवतं. ती दिवा लावते, सगळं घर झाडते, सापडेपर्यंत सोडत नाही. तिसरी सगळ्यांना माहीत असलेली, उधळ्या पुत्राची. बापाला दोन मुलगे. धाकटा जिवंत बापाकडून वाटणी मागून घेतो, दूर देशी जातो, सगळं उडवतो, शेवटी डुकरं राखायची पाळी येते आणि परत येतो. बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत सुटतो.

शंभरात एक, दहात एक, दोनात एक. एक टक्का, दहा टक्के, पन्नास टक्के. संडे स्कूलमध्ये हे कोणी सांगितलं नव्हतं. दिवसभर एक्सेलमध्ये राहायला लागल्यावर मला ते दिसलं. एक टक्क्याचं तर आमच्या धंद्यात विशेष प्रेम. ९९ टक्के अपटाइम म्हटलं की बाहेरच्यांना केवढं भारी वाटतं, पण हिशेब केला तर वर्षातले साडेतीन दिवसांहून जास्त सिस्टिम बंद. क्लायंट फाडून खाईल. म्हणजे सर्व्हरच्या बाबतीत आम्ही सगळे त्या मेंढपाळासारखेच वागतो, त्या हरवलेल्या एका टक्क्यामागे रात्री दोन वाजता उठून पळतो. माणसांचं मात्र उलटं. शंभरातला एकच सोडून गेला तर त्याला ॲट्रिशन म्हणतात आणि त्याबद्दल मॅनेजरला शाबासकी मिळते.

लहानपणी मला एकच शंका होती. नव्व्याण्णवांचं काय? त्यांना लांडग्याने खाल्लं म्हणजे? पावसाळा सरला की नगर रोडच्या दोन्ही अंगांना, पिकं निघालेल्या शेतांत धनगरांचे वाडे पडतात. शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतो, रात्री भोवती वाघुर लावलेली असते. दोनेक वर्षांपूर्वी आमची बस पंक्चर झाली तेव्हा टपरीवर एक म्हातारे मेंढपाळ चहा पीत बसले होते, त्यांना मी ही शंका सरळ विचारली. एक चुकलं आणि तुम्ही त्याच्या मागे गेलात तर बाकीच्यांना कोण बघतं? ते माझ्याकडे, हा पोरगा शिकलेला दिसतोय बिचारा, अशा नजरेने बघत म्हणाले, "घरची मानसं असत्यात की. येकला कोन राखतंय शंभर?"

वीस वर्षांची शंका आणि उत्तर अर्ध्या चहात.

खांद्यावर मेंढरू घेतलेल्या येशूचं चित्र आजीच्या घरात आहे, प्रत्येक ख्रिस्ती घरात असतं. पण ते चित्र बघताना मला बऱ्याचदा दुसरंच आठवतं, आणि ते आमच्या जिल्ह्यातलंच आहे. पैठण आमच्यापासून साधारण पन्नास किलोमीटर. नाथांची ती आख्यायिका शाळेत सगळ्यांनी वाचली असेल. भर दुपारी एकनाथ गोदावरीवर निघालेत, वाळवंट तापलंय, आणि एका महार बाईचं लेकरू आईच्या मागे मागे येता येता त्या वाळूत अडकून रडतंय. नाथ त्याला उचलून कडेवर घेतात, त्याचं नाक पुसतात आणि महारवाड्यात त्याच्या घरी नेऊन देतात. सोळाव्या शतकातला पैठणचा ब्राह्मण, स्नानाला निघालेला. त्या पोराला आपण हरवलोय हेसुद्धा कळत नसणार. पाय भाजतायत, एवढंच कळत असणार. मेंढराचंही तेच. हरवलेल्याला शोध घ्यावा लागत नाही, त्याला फक्त उचलू द्यावं लागतं.

आणि या दोन्ही चित्रांत खरी भानगड उचलण्याची नाहीच. शिवण्याची आहे.

कारण हा पंधरावा अध्याय सुरू कसा होतो ते बघा. पहिल्या दोन ओळींतच तक्रार आहे. गावातले धार्मिक, सज्जन, नियम पाळणारे लोक कुरकुरतायत की हा माणूस पाप्यांना जवळ करतो आणि त्यांच्याबरोबर जेवतो. जेवतो! तक्रार शिकवणुकीबद्दल नाही, चमत्कारांबद्दल नाही, पंगतीबद्दल आहे. तिन्ही गोष्टी त्या एका तक्रारीचं उत्तर म्हणून आल्यात. पाश्चात्त्य माणसाला हे तळटीप देऊन समजवावं लागत असेल. आपल्याला एका शब्दात समजतं. कोण कोणाच्या पंगतीला बसतो, कोणाचं पान कुठे मांडलं जातं, कोणाला ओटीवर वाढतात आणि कोणाला अंगणात, यावर या महाराष्ट्रात शेकडो वर्षं माणसांची किंमत ठरत आली. आणि तिन्ही गोष्टींचा शेवटही तिथेच जातो. मेंढरू सापडलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावणं, नाणं सापडलं की बायकांना बोलावणं, मुलगा आला की पुष्ट वासरू कापून गावजेवण. माणूस सापडला म्हणजे रस्त्यात दिसला असं नाही. त्याचं पान मांडलं गेलं म्हणजे तो सापडला.

आणि म्हणूनच तिसऱ्या गोष्टीचा शेवट असा जिव्हारी लागतो. थोरला मुलगा शेतावरून येतो, घरातून गाण्याबजावण्याचा आवाज येतो, गड्याला विचारतो, कळतं, आणि तो रागाने आत जायला नकार देतो. बाप बाहेर येतो, विनवतो. थोरला हिशेब मांडतो. इतकी वर्षं मी राबतोय, कधी तुमचा शब्द मोडला नाही, मित्रांबरोबर मजा करायला मला कधी साधं करडू दिलं नाहीत. बाप यातलं काहीही खोडून काढत नाही. माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे, म्हणतो. आणि एक बारीक गोष्ट. थोरला बोलताना भावाला भाऊ म्हणतच नाही, बापाचा मुलगा म्हणतो. बाप उत्तर देताना तेवढा एक शब्द बदलतो. तुझा भाऊ, म्हणतो.

मग तो आत गेला का? लूक सांगत नाही. अध्याय संपतो. सोळावा अध्याय सुरू होतो एका लबाड कारभाऱ्यापासून. थोरला अजून अंगणातच उभा आहे.

आता घर.

माझे काका २००६ साली गेले. आजोबा निवृत्त झाले होते, पडेगावला त्यांचा एक प्लॉट होता. काकांनी वाटणी मागितली. आजोबांनी प्लॉट विकला, अर्धे त्यांना दिले. (हो, मलाही माहीत आहे. आमच्या पाळकसाहेबांनासुद्धा माहीत आहे.) काका सुरतेला कापडाच्या धंद्यात शिरले. दोन वर्षं फोन येत होते, मग नंबर बंद. उरलेल्या अर्ध्यातून आत्याचं लग्न झालं आणि ते पुरलं नाही म्हणून पप्पांनी कर्ज काढलं. पप्पा वाळूजला एका कारखान्यात होते. सेकंड शिफ्ट, नाइट शिफ्ट, जी मिळेल ती. आजोबांचं आजारपण, आजीचे दोन्ही डोळे, माझं इंजिनीअरिंग, सगळं त्या पगारावर. २०१५ ला आजोबा गेले. काका मातीला नव्हते, कारण कळवायचं कुठे हेच माहीत नव्हतं.

इथे आमची गोष्ट लूकच्या गोष्टीपासून फुटते. बायबलमधल्या धाकट्याला शोधायला कोणीच गेलं नव्हतं. मेंढराला मेंढपाळ आहे, नाण्याला बाई आहे, मुलाला मात्र बाप वाट बघत घरीच बसलेला. आमच्याकडे थोरला गेला. पप्पा दोनदा सुरतेला जाऊन आले. एकदा नंबर बंद झाला तेव्हा, आणि एकदा आजोबांना माती दिल्यावर आठ दिवसांनी. काकांच्या लग्नासाठी काढलेला, कधीच उपयोगी न पडलेला स्टुडिओतला फोटो खिशात घालून. कापड बाजारात गाळ्या-गाळ्यांतून फिरले. दुसऱ्या वेळी सात दिवस राहिले, धर्मशाळेत. परत आले तेव्हा आजी दारातच होती. पप्पांनी फोटो तिच्या हातात दिला आणि कामावर निघून गेले. याबद्दल ते स्वतःहून एक अक्षर बोलत नाहीत, मला हे सगळं मम्मीकडून कळलंय.

मराठीत 'शोधणे' आणि 'सापडणे' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि पहिल्यातून दुसरं निघेलच असं नाही. पप्पांनी शोधला तेव्हा सापडला नाही. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये, कोणी शोधत नसताना, काका एक रेक्झिनची बॅग घेऊन दारात उभे राहिले.

आजीने त्या दिवशी मटण केलं. गुडघे धरून, स्टुलावर बसून, स्वतः. आमच्याकडे मटणावरून एक जुनी कथा आहे, नळीची. दोन भाऊ लहान असताना नळीवरून मारामाऱ्या व्हायच्या, शेवटी आजीने पाळी लावून दिली होती, या रविवारी थोरल्याला, पुढच्या रविवारी धाकट्याला. तर त्या दिवशी तिने नळी काकांच्या ताटात वाढली. पप्पा कामावरून आले, चप्पल काढली, आत बघितलं, आणि परत बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी नेमका घरी होतो. आजी भिंतीला धरून धरून बाहेर आली. म्हणाली, "बाळा, चल, दोन घास खाऊन घे." पप्पा म्हणाले, "आई, तुझ्या मुलाला घर दे, खोली दे, माझं काही म्हणणं नाही. फक्त माझं पान त्याच्या शेजारी मांडू नको."

तुझ्या मुलाला. पप्पा चर्चच्या कमिटीत आहेत, पंधरावा अध्याय त्यांना पाठ आहे. त्यांनी तो शब्द मुद्दाम वापरला की आपोआप आला, मला सांगता येणार नाही.

तेव्हापासून आमच्या घरी दोन पंगती बसतात. सकाळी आणि रात्री पप्पा आधी जेवतात, काका नंतर. घर केवढंसं, खोल्या तीन, तरी दोघे एकमेकांना जेवताना कधी दिसत नाहीत, वेळापत्रक एवढं चोख. मी गेलो की दोन्हीकडे बसतो. वजन वाढलंय :)

मित्रांना सांगितलं तर ते दोनपैकी एक बोलतात. एक, तुझे पप्पा फारच ताणतायत, झालं गेलं सोडून द्यावं, ख्रिस्ती ना तुम्ही? दोन, काकाला घरात घेतलंच कशाला? मला पहिल्याचा जास्त राग येतो. क्षमा हा शब्द ज्याने शिफ्ट केलेल्या नाहीत त्याच्या तोंडून फार सहज निघतो. हिशेबाने बघितलं तर पप्पांचा प्रत्येक आकडा बरोबर आहे. बायबलमधल्या थोरल्याचाही बरोबर होता, म्हणून तर बाप खोडत नाही.

पण दोन पंगतींचं काय करायचं, हे मात्र मला कळत नव्हतं. ते थोडंफार कळलं बसमध्ये. पुणे–संभाजीनगर रस्त्यावर मध्ये अहमदनगर लागतं, २०२४ पासून अहिल्यानगर. इथे अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं १८३१ पासून. आमच्यासाठी नगर म्हणजे जवळजवळ माहेर, मराठवाड्यातल्या कित्येक ख्रिस्ती घरांच्या सोयरिकी तिकडच्या. आणि नगर म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. 'स्मृतिचित्रे' मी कॉलेजात असताना अर्धवट वाचून सोडलं होतं, या वर्षी येता-जाता पूर्ण केलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी हे पान मिटवा आणि ते वाचा, मी रागावणार नाही. १९३४ ते १९३६ मध्ये भागाभागाने निघालेलं पुस्तक आहे आणि आजच्या अर्ध्याअधिक ब्लॉगांपेक्षा ताजं आहे. बाई नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर लिहायला लागल्या की बसमध्ये एकटंच हसू येतं. आणि टिळक शब्दशः हरवायचे. न सांगता घरातून निघून जायचे आणि दिवसचे दिवस पत्ता नसायचा.

पण खरं हरवणं झालं १० फेब्रुवारी १८९५ ला. त्या दिवशी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. कोकणातले चित्पावन ब्राह्मण, कवी, पंडित. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं ते पुढे सांगत. त्यांच्या बाजूने बघितलं तर मेंढरू सापडलं, आनंदीआनंद. लक्ष्मीबाईंच्या बाजूने बघितलं तर नवरा गेला. मेला असता तर विधी तरी असते, हा जिवंत असून गेला. त्यांनी पुढची जवळजवळ पाच वर्षं वेगळी काढली, त्यातला बराच काळ पंढरपुरात नातेवाइकांकडे, लहान दत्तूला घेऊन. आमच्या चर्चमध्ये टिळकांच्या बाप्तिस्म्याची गोष्ट सांगतात तेव्हा ही पाच वर्षं एका वाक्यात उरकतात. मला ते पटत नाही. आमच्या गावात एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड रतनजी नौरोजी होते, पारशी घरातून ख्रिस्ती झालेले. त्यांचं काम नोंदलं गेलं. पण अशा प्रत्येक सापडलेल्या माणसामागे एक घर असतं, जे त्याला हरवलेलं समजत बसलेलं असतं, आणि त्या घरालाही शोधायचा हक्क असतो. टिळकांच्या घराची बाजू आपल्याला कळते कारण ती एका बाईने स्वतः लिहून ठेवली.

मग त्या आल्या. आणि मला थांबवलं ते इथे. त्या येऊन गळ्यात पडल्या आणि बँडबाजा वाजला, असं झालं नाही. त्या नगरला आल्या त्या सोवळं सांभाळून. आपलं पाणी वेगळं, आपला स्वयंपाक वेगळा, आपली चूल वेगळी. नवरा त्याच गावात, आणि त्याच्या हातचं चालत नाही! टिळक स्वभावाने तापट माणूस, शब्दाला शब्द वाढवणारा. पण त्यांनी हे चालवून घेतलं. लक्ष्मीबाईंच्या मनातून जात गेली ती कोणी त्यांना वादात हरवलं म्हणून नाही. ती त्यांची त्यांनी विचार करून, त्यांच्या वेळेने काढली, आणि ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्या हातचं घेतलं. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्याच घरात नगरला बालकवी ठोमरे राहून गेला, न जाणे किती पोरकी, आजारी, उपाशी माणसं जेवून गेली. आणि शेवटी १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकतील. म्हणजे त्यांनी पंगत आणखी लांबवली. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले, दरबार फार चालला नाही. पण दिशा बघा.

आता वाटतं, ती वेगळी चूल म्हणजे अपयश नव्हतं. ती मधली जागा होती. पंढरपूरपेक्षा नगर जवळ, आणि एका गावात दोन चुली या दोन गावांतल्या दोन चुलींपेक्षा जवळ. लूकला गोष्ट एका संध्याकाळीत बसवायची होती, वासरू शिजतंय तोवर थोरल्याने ठरवायचं. खऱ्या घरांत याला वर्षं लागतात आणि ती वर्षं कोणी लिहून ठेवत नाही, लक्ष्मीबाई सोडून. त्यामुळे मी आता मम्मीला, या दोन पंगती कधी एक होणार, असं फोनवर विचारत नाही. एका छपराखाली दोन पंगती आहेत. सुरतेपेक्षा बऱ्या.

आजी आता पंच्याऐंशीची आहे, ही एक अडचण आहेच. तिच्याकडे पाच वर्षं आहेत की नाहीत हे कोणाला ठाऊक. ती मात्र घाईत दिसत नाही. रोज दोन्ही पंगतींना स्वतः वाढते, बसून, स्टुलावरून. पप्पांना वाढताना काकांचं नाव काढत नाही, काकांना वाढताना पप्पांचं. काकांना छावणीत एका दुकानात हिशेब लिहायचं काम मिळालंय, पहिला पगार त्यांनी आजीच्या हातात ठेवला आणि तिने तो तसाच्या तसा पप्पांच्या कपाटात, कर्जाच्या जुन्या पासबुकात घालून ठेवला. पप्पांना दिसला असणार. त्यांनी तो काढलाही नाही आणि परतही केला नाही. पासबुक थोडं फुगलंय इतकंच.

गेल्या रविवारी उपासनेनंतर घरी मटण होतं. पहिली पंगत पप्पांची, मी त्यांच्या समोर. आजीने पातेलं त्यांच्याकडे सरकवलं, आमच्यात मटण ज्याने त्याने वाढून घ्यायची पद्धत आहे. पप्पांनी डाव आत घातला, ढवळला, नळी वर आली. त्यांनी ती डावाने बाजूला केली, दोन साधे तुकडे घेतले, रस्सा घेतला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. आजीने बघितलं. मी बघितलं. कोणी काही बोललं नाही, भाकरी कुस्करायला लागलो.

संध्याकाळी भांडी घासताना मी मम्मीला हळूच विचारलं. ती म्हणाली, "त्यात काय एवढं? डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांगितलंय त्यांना."